वही उघडली की उघडीच राहावी

हातच्या वह्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी मी घरीच एक वही केली. तिच्या आईने त्यात रोजचं काहीबाही लिहावं, असा विचार होता. ए-फोर कागद मधोमध दुमडून शिवले, पुठ्ठ्यावर छान छापील कागद चिकटवला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा पापडासारखा वळला. वही उघडी ठेवली तर आपोआप मिटते. कुठे चुकलं?
(एक आजी, इचलकरंजी)

उत्तर : आजी, तुमची शिवण बरोबर आहे. कागद आडवा पडला आहे, एवढंच. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की मी त्यावर जरा सविस्तर लिहिते.

घरातलं कालचं वर्तमानपत्र घ्या आणि वरून खाली फाडा. सरळ पट्टी निघते. आता तेच आडवं फाडून बघा, वेडंवाकडं जातं. यंत्रावर कागद तयार होताना लगदा पुढे धावत असतो आणि त्यातले तंतू बहुतांशी त्याच दिशेने लोळतात. छपाईवाले या दिशेला ग्रेन म्हणतात. तंतूंच्या दिशेने घडी घातली की कागद मुकाट्याने दुमडतो. तंतू मोडून घातली की तो कायम अंग ताठ ठेवतो. माझे वडील शनिवार पेठेत बाइंडिंग करायचे. नवा रीम आला की गठ्ठ्यातून एक ताव काढून ते तो दोन्ही बाजूंनी नुसता वाकवून बघत, घडी न घालता. ज्या बाजूने कमी जोर लागेल, त्या बाजूला वहीचा कणा. हे बघितल्याशिवाय त्यांनी कधी सुरी उचलली नाही.

बाजारातल्या ए-फोर कागदात तंतू बहुधा लांबीच्या, म्हणजे 297 मिलिमीटरच्या बाजूने असतात. आपण तो मधोमध दुमडून ए-फाइव्ह वही करतो तेव्हा घडी 210 च्या बाजूला समांतर येते, म्हणजे बरोबर तंतूंना आडवी. तुमची वही मिटते ती यामुळे. उपाय सोपा आहे. ए-थ्री कागद आणा आणि लांब बाजू निम्मी होईल असा कापा. तुकडे ए-फोरचेच होतील, पण ए-थ्रीमध्ये तंतू लांबीच्या बाजूने असतील तर या तुकड्यांत ते आखूड बाजूने येतील. मग दुमडा. दुकानात घेतानाच एक ताव वाकवून बघा, कारण सगळेच कागद सारखे नसतात.

पुठ्ठ्याचंही तसंच. कव्हरचा कागद खळ किंवा फेविकॉल लागल्यावर फुगतो, वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला स्वतःकडे ओढतो. आतल्या बाजूनेही एक कागद चिकटवला की तो उलट ओढतो आणि पुठ्ठा सरळ होतो. पुठ्ठा, बाहेरचा कागद, आतला कागद, तिघांचेही तंतू कण्याला समांतर हवेत. चिकटवल्यावर पानं आणि ओलं कव्हर यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद घाला, म्हणजे ओल आत जाणार नाही. वर पाटा ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. पावसाळ्यात दोन रात्री. घाईने उचललेली वही पुन्हा वळते, आणि वाळल्यावर ती सरळ करायला फार त्रास पडतो.

आता नवी वही करणार असाल तर पहिल्यांदा एकाच फर्म्याची, म्हणजे एकात एक घातलेल्या दुमडलेल्या कागदांच्या एकाच जुडीची करा. 80 जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचे, आठ कागद दुमडून एकात एक घाला, बत्तीस पानं होतात. घडीवर स्टीलच्या चमच्याची पाठ जोरात फिरवा. घडीत तीन भोकं पाडा : एक मध्यावर, बाकी दोन वरच्या आणि खालच्या टोकापासून दोन-दोन बोटं आत. दोरा गोधडीचा, वहीच्या उंचीच्या तिप्पट, आणि त्यावरून मेणबत्ती एकदा ओढून घ्या म्हणजे तो गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर काढा आणि मधल्या भोकातून पुन्हा आत या. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील. त्यावर गाठ मारा. दोरा ओढायचा तो घडीच्या दिशेने. कागदाच्या दिशेने ओढला तर भोक फाटतं.

नातीची वही मात्र फेकू नका. कव्हर जपून काढून ठेवा आणि आत नवी पानं शिवून घाला.

प्रश्न : आईची एक जुनी सुती साडी आहे. तिच्या काठाचं कव्हर करायचं आहे, पण कापडातून फेविकॉल वर येऊन डाग पडतात.
(नाशिक)

उत्तर : कापडाला आधी अस्तर हवं. कापड ओलसर करून उलटं पसरा, सुरकुत्या हाताने काढा. पातळ कागदाला मैद्याची खळ लावून तो कापडावर बसवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. आता कापडाला कागदाची पाठ आली, डिंक वर येणार नाही. खळीसाठी एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर, सतत ढवळत. चकाकी आली की उतरवा. गाळून घ्या, नाहीतर गुठळी कापडाखाली फुगवटा करते. काठ कण्यावर येऊ द्यावा असं मला वाटतं. वही कपाटात उभी ठेवली की तेवढाच दिसतो, आणि आईची आठवण रोज डोळ्यांसमोर राहते.

प्रश्न : खळीत मोरचूद घालतात म्हणे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तोही मदत करतो.
(डोंबिवली)

उत्तर : बाइंडर घालत आले आहेत, कसर लागू नये म्हणून. पण मोरचूद विषारी आहे. मूल हाताशी असेल तर मुळीच नको. लागेल तेवढीच खळ ताजी शिजवा आणि उरलेली दुसऱ्या दिवशी टाकून द्या. भोकं मात्र तुम्ही पाडा, दाभण त्याच्या हातात देऊ नका.

प्रश्न : हातकागद फार आवडतो, पण शाईच्या पेनाने लिहिलं की अक्षरं पसरतात.
(सातारा)

उत्तर : हातकागदात तंतू जाळीवर सगळीकडे पसरून बसतात, त्यामुळे तो कुठूनही दुमडा, वर लिहिलेली ग्रेनची अडचण जवळपास येतच नाही. वहीसाठी याहून चांगला कागद नाही. शाई पसरते ती कागदाला पुरेशी खळ नसल्यामुळे. जुन्या काळी जुन्नरला आणि दौलताबादेकडे कागद तयार झाला की त्याला खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणून दप्तरांतली बोरूची अक्षरं आजही ठसठशीत दिसतात. दुकानात तुमचं पेन घेऊन जा आणि कोपऱ्यावर एक रेघ मारून बघा. पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन, सांगून, लिहिण्याचा कागद मागा. चित्रासाठीचा वेगळा असतो. आधीच घेऊन ठेवलेले ताव असतील तर त्यांच्या वहीत पेन्सिलने लिहा किंवा पानं-फुलं वाळवून चिकटवा.