तबला घेतलात, आता घाई नको

पहिले काही महिने वेगाचं नाव काढू नका. 'धाधा तिट धाधा तूना' हा दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, सगळेच शिकतात आणि सगळेच तो लगेच दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, पळवतात. तिथेच 'तिट' कच्चं राहतं. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा, मात्रेला एकच अक्षर, तेही तोंडाने म्हणत. या पढंतीत, म्हणजे तोंडाने बोल म्हणताना, अडखळलात तर हातातही अडखळणारच.

'ना' वाजवताना तर्जनी चाटेवर (कडेच्या पट्टीवर), अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला नुसती टेकलेली. मी ती वर्षभर दाबून धरत होतो, आवाज पाटावर टिचकी मारल्यासारखा ठक्क! गुरुजींनी एक दिवस बोट अलगद उचलून ठेवलं, तेव्हा कुठे तबला बोलला.

तबला सुरात लावणं स्वतः शिका. हातोडी गजऱ्यावर (चामड्याच्या कडेच्या विणलेल्या गोटावर) वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. आधी समोरासमोरची घरं (गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या जागा) जुळवा. गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) मात्र सूर बराच हलवायचा असेल तरच ठोका. पावसाळ्यात पुडी (वरचं चामडं) सैल पडते, सूर उतरतो. तबला बिघडला म्हणून लगेच दुकानात धावू नका.

हाताला घाम येत असेल तर थोडी टाल्कम पावडर लावा. शाई ओल्या फडक्याने पुसायची नाही, कधीच.