लेकाला टर्कीच्या शिकारीला नेण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकाला टर्कीच्या, म्हणजे त्या मोठ्या रानपक्ष्याच्या, शिकारीला जरूर ने, आणि तूच ने. मी त्याला आनंदाने नेईन, पण अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिल्यांदा बंदूक येते तेव्हा त्याच्या शेजारी आई किंवा बाप असावा, असं मला ठामपणे वाटतं. त्या सकाळी त्याला जे प्रश्न पडतील ते काकाला विचारण्यासारखे नसतात.

आधी कागदपत्रांचं बोलू, कारण दिवस थोडे उरलेत. वसंतातल्या हंगामाच्या सोडतीसाठी 10 डिसेंबरपर्यंत अर्ज करावा लागतो. शिकारीसाठी इथल्या विस्कॉन्सिन राज्याचे सात विभाग आहेत आणि हंगामाचे सात-सात दिवसांचे सहा टप्पे. व्हर्नन काउंटी (जिल्हा) ज्या विभागात येते तो विभाग लेकाच्या नावाने माग. टप्पा कुठलाही मिळाला तरी चालेल. पहिला टप्पा सुरू होण्याआधीचा शनिवार-रविवार सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी राखीव असतो, आणि त्या विभागाचा कुठल्याही टप्प्याचा परवाना त्या दोन दिवसांत चालतो. मोठ्यांनी फक्त सोबत करायची असते. तेच दोन दिवस धर. जंगलात गर्दी नसते, आणि नर अजून सावध झालेले नसतात.

तुझ्या बाजूने दोन गोष्टी लागतील. त्याच्यासोबत मेंटॉर म्हणून बसायचं तर तुझ्याकडे स्वतःचा चालू परवाना हवा, आणि 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय मिळत नाही. मोठ्यांना हा कोर्स ऑनलाइन करता येतो. तरी तू लेकाला घेऊन प्रत्यक्ष वर्गात बस. आई पहिल्या बाकावर बसून वहीत टिपणं घेते आहे हे त्याने बघितलं पाहिजे.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. तू अजून एच-वन-बी व्हिसावर आहेस. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा इथल्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे शिकारीचा वैध परवाना. म्हणून परवाना हातात येईपर्यंत माझ्या बंदुकीला हातसुद्धा लावू नकोस, आणि त्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घे. आपल्या लोकांना कुणी हे सांगत नाही. मित्राबरोबर हौसेने शूटिंग रेंजवर जातात आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असताना नसतं संकट ओढवून घेतात.

आता सासूबाई. त्या मार्चमध्ये येणार, माळकरी आहेत, आणि नातू एप्रिलमध्ये पक्षी मारायला जाणार. तू लिहिलंस की त्यांना कॅम्पिंगला जातोय असं सांगावं का. असं मुळीच करू नकोस. मुलाला आपण जे शिकवायला निघालो त्याच्या हे अगदी उलटं आहे. ज्या कामाबद्दल आजीशी खोटं बोलावं लागतं ते काम चांगलं नाही, एवढंच तो त्यातून शिकेल. त्यालाच आजीला सांगू दे, आपल्या तोंडाने. त्यांना वाईट वाटेल, कदाचित त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्या पिढीने शिकार म्हणजे राजेरजवाड्यांचे वाघावर पाय ठेवलेले फोटो, नाहीतर पकडलेल्या तस्करांच्या बातम्या, एवढंच पाहिलं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीवर बंदी आहे आणि तिथे ती असायलाच हवी. इथली गोष्ट वेगळी का, हे मुलाला आजीला समजावता आलं पाहिजे. त्यासाठी त्याला हा इतिहास सांग.

जंगलं तुटली आणि बेसुमार बंदुका चालल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विस्कॉन्सिनमध्ये एकही रानटर्की उरली नव्हती. पाळीव पक्षी सोडून पाहिले, ते जगले नाहीत. मग 1976 मध्ये मिसुरीतून पकडून आणलेल्या 29 रानटर्की व्हर्नन काउंटीत सोडल्या. बदल्यात विस्कॉन्सिनने मिसुरीला आपल्याकडचे रफ्ड ग्राऊस हे रानपक्षी दिले. सात वर्षांत पक्षी इतके वाढले की 1983 मध्ये शिकारीचा हंगाम सुरू करता आला. आज राज्यभर जे कळप दिसतात त्यांची सुरुवात त्या टेकड्यांवर झाली. या सगळ्याचा पैसा बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्याच खिशातून आला. परवान्यांची फी तर आहेच, पण 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. लांब बंदुकांवर आणि दारूगोळ्यावर तो 11 टक्के आहे. वसंतात फक्त नर किंवा दाढीवाला पक्षी मारता येतो; दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा राठ पिसांचा झुपका. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे मोजके नर गेल्याने घरट्यांना धक्का पोचत नाही. क्वचित एखाद्या मादीलाही दाढी असते आणि कायद्याने ती चालते. तुम्ही मात्र तिला सोडा. ती अंड्यांवर बसणार असते.

हिवाळ्यात व्हर्नन काउंटीतल्या व्हायरोक्वा गावाकडे एक चक्कर मार. वर ओक आणि हिकरीच्या कडा, खाली अल्फाल्फाची आणि मक्याची शेतं. टर्कीला यापेक्षा चांगलं घर नाही. तिथले दोन-तीन दुग्धव्यावसायिक शेतकरी माझ्या ओळखीचे आहेत, पण दार तू आणि लेकाने वाजवा. परवानगी त्याने मागायची, बूट काढून आत जायचं, आणि नाही म्हणाले तरी आभार मानून निघायचं.

बंदूक ट्वेंटी गेजची, म्हणजे लहान नळीची, पुरेल. लेक बारीक आहे, म्हणून त्याहून लहान फोर-टेनही चालेल. टंगस्टनचे छरे शिशापेक्षा कितीतरी जड असल्याने आता छोट्या बंदुकीनेही काम नीट होतं. सरावाला मात्र हलकी काडतुसंच वापर. टर्कीच्या काडतुसाचा धक्का एकदा खांद्याला बसला की मूल पुढच्या वेळी घोडा ओढण्याआधीच डोळे मिटतं. कानांवर संरक्षण हवंच. कागदावर टर्कीच्या डोक्याचं चित्र लावून 25 यार्डांवर छऱ्यांचा फैलाव बघा, आणि तीच त्याची मर्यादा ठरवा. दुकानदार 40, 50 म्हणेल. त्याचं ऐकू नका.

हाक घालायला बॉक्स कॉल, म्हणजे मादीचा आवाज काढणारी लाकडी पेटी, घे, लहान हातांना तो सोपा जातो. पण हाक म्हणजे काय ते आधी समजून घे, सगळी शिकार त्यातच आहे. पहाटे नर झाडावरून गॉबल करतो, म्हणजे आरोळी देतो, आणि निसर्गात मादी त्या आवाजाकडे चालत जाते. आपण मादीचा आवाज काढून त्याला म्हणतो, तू इकडे ये. म्हणजे त्याच्या स्वभावाच्या उलट काही मागतो. म्हणून तो येता येता थांबतो. शंभर पावलांवर उभा राहून पिसारा फुलवतो, पंख जमिनीवर घासतो आणि वाट बघतो, की ही का येत नाही? इथे नवखे लोक हाकांचा मारा करतात. तू गप्प बस. मादीच्या हाकेसारखे दोन-चार मऊ येल्प, मग वीस मिनिटं काही नाही. त्याची नजर आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे, रंग ओळखते आणि जवळजवळ चहूकडे पाहते. नाक खाजवायला हात उचललास तरी त्याला दिसेल. लेकाला इतकं स्थिर बसवणार नाही, म्हणून कापडी ब्लाइंड, म्हणजे लपून बसायचा तंबू, लाव. आत तो सँडविच खाऊ शकतो, कुजबुजू शकतो, पेंगूही शकतो. पेंगला तर उठवू नकोस. एप्रिलमध्ये तिथली पहाट गोठणबिंदूच्या आसपास असते, तेव्हा घोंगडी ने.

सुरक्षेचं मी वर्गातल्यापेक्षा थोडं जास्त सांगतो, कारण टर्कीच्या शिकारीत माणूस माणसाला पक्षी समजून गोळी घालतो, असे अपघात झालेले आहेत. नराचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं, म्हणून हे तीन रंग अंगावर नकोत. मोजे आणि आतला टीशर्टसुद्धा तपास. ब्लाइंडबाहेर बसलात तर पाठ खांद्यांहून रुंद झाडाला लावा. गॉबल ऐकू आला म्हणून त्या दिशेने कधीही सरपटत जाऊ नका, तो दुसऱ्या शिकाऱ्याच्या कॉलचा आवाज असू शकतो. दुसरा माणूस दिसला तर हात हलवायचा नाही, खणखणीत आवाजात बोलायचं. चालताना बंदूक तुझ्याकडे, रिकामी. तो नेहमी हाताच्या अंतरावर. दोघांत बंदूक एकच ने. कायदा काहीही म्हणो, शिकारी तो आहे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. नर पंचवीस यार्डांत आला, पिसारा मिटून त्याने मान वर काढली. फुललेल्या नरावर गोळी घालायची नसते, डोकं आणि मान मोकळी दिसायला हवी. तेव्हा लेकाने तुला हळूच तीन गोष्टी सांगायच्या. दाढी दिसते, मान मोकळी आहे, मागे कुणी नाही. तू स्वतः बघून फक्त "बरोबर" म्हणायचं. बंदुकीचा सेफ्टीचा खटका त्यानंतर काढायचा. एवढं झालं की तुझं काम संपलं. "मार" म्हणायचं नाही. "आता, आता" नाही. त्याच्या पाठीवर हातही ठेवायचा नाही. घोडा ओढायचा की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं, आणि ते खरोखर त्याच्यावर सोडलेलं असलं पाहिजे. मुलं आईबापांचे श्वास ओळखतात. आईने चार महिने तयारी केली, परवाना काढला, पहाटे उठली, म्हणून त्याने गोळी घातली, तर त्याने शिकार केली नाही, तुझी मर्जी राखली.

त्याने नाही घातली, पक्षी शांतपणे निघून गेला, तर गाडीत "का रे?" विचारू नकोस. भूक लागली का विचार. तो स्वतः बोलेल, कदाचित दोन आठवड्यांनी.

घातली तर पुढचं आधीच सांगून ठेव. मेल्यावरही पक्षी बराच वेळ पंख झोडतो. मोठा नर आठ-दहा किलोंचा असतो, आणि ज्या मुलाला हे माहीत नसतं त्याला वाटतं आपण त्याला तडफडत ठेवलं. बंदूक सुरक्षित करून तू पुढे हो, पायांवरच्या नखांपासून जप. मग लेकाला जवळ बसव. पिसांवरचा तांब्या-पितळेसारखा रंग त्याला उन्हात बघू दे. रडला तर रडू दे. "मुलगा असून रडतोस" हे वाक्य तुझ्या घरात नाही हे मला माहीत आहे, पण तिथला एखादा भला शेतकरी म्हणेल. तेव्हा तू त्याच्या बाजूने उभी राहा. फोटो नंतर, तोही त्याने म्हटलं तर. परतताना पक्ष्यावर नारिंगी कापड बांध, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी कर. अंघोळीआधी दोघांच्याही अंगावर गोचिड्या बघ. लाइम रोग तिथे भरपूर आहे.

मांस वाया घालवायचं नाही, ही माझी अट आहे. छातीचे तुकडे पातळ कापून मंद आचेवर, नाहीतर कोरडे पडतात. तंगड्यांत शिरा फार असतात, त्या कुकरमध्ये गावठी कोंबड्याच्या रश्श्यासारख्या शिजव, सुकं खोबरं भाजून घाल. सासूबाईंसाठी त्या दिवशी वेगळी भांडी काढ, मुलालाच काढायला सांग.

अर्ज या आठवड्यात भर आणि मला कळव. परवाना आला की दोघं इकडे या. बंदुकीचा दस्ता त्याच्या खांद्याला लांब पडेल असं वाटतंय, आणि कापून घ्यायचा तर कारागीर वेळ लावतो.

तुझा,
काका