‘कोणी केलं?’च्या आधीचे प्रश्न

“मॅडम, दिवसभर मी प्रॉब्लेमच सोडवत असतो. आणि दुसऱ्या दिवशी तेच प्रॉब्लेम पुन्हा दारात उभे.”

धंदा सांभाळणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण तक्रार बहुधा हीच असते. म्हणून ही एक केस सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

या गृहस्थांचा खोकी छापून देण्याचा कारखाना, वीसेक माणसं कामाला. झोप उडाली होती, घरात चिडचिड वाढली होती, म्हणून पत्नीने पाठवलेलं. पहिल्या वीस मिनिटांत फोन सहा वेळा वाजला. दर वेळी दोन शब्दांत निकाल: “दुसरा गठ्ठा लावा.” “उद्या देतो म्हणावं.” उत्तरं बरोबरही असतील. पण अर्ध्या मिनिटात साहेबांचं उत्तर मिळतंय म्हटल्यावर पलीकडचा माणूस स्वतःचं डोकं कशाला चालवेल?

नेमकी अडचण काय, असं विचारलं तर म्हणाले, “माणसंच धड नाहीत.”

मी त्यांना चौदा दिवस एक वही ठेवायला सांगितली. जे बिनसेल ते एका ओळीत लिहायचं. रकाने चार: काय झालं, कुठे, केव्हा, आणि असं आधी झालं होतं का. वही परत आली तेव्हा त्यात पाचवा रकाना त्यांनी आपणहून आखलेला होता, ‘कोणामुळे’. तोच सगळ्यात भरगच्च! मी त्यावर हात ठेवला आणि म्हटलं, आता वाचा.

एकूण 41 नोंदी. त्यांतल्या 17 एकाच जातीच्या निघाल्या: माप किंवा मजकूर चुकीचा छापला गेला. ते स्वतःच चकित झाले. गुणवत्तेच्या क्षेत्रातले जाणकार जोसेफ ज्युरान यांनी इटालियन अर्थतज्ज्ञ पॅरेटो यांच्या नावाने जे तत्त्व रूढ केलं ते हेच, की बराचसा त्रास मोजक्याच कारणांतून येतो. लिहून ठेवलं नाही तर हे दिसत नाही, कारण डोक्यात राहतो तो ज्यावरून सर्वांत जास्त आरडाओरडा झाला तो प्रसंग.

मग आम्ही त्या 17 नोंदींचा माग काढायला बसलो. टोयोटात एकामागून एक पाच वेळा ‘का?’ विचारण्याची पद्धत आहे, तीच धरली. चुकीचं का छापलं? ऑपरेटरच्या हातातल्या जॉब कार्डवर, म्हणजे त्या कामाचा तपशील लिहिलेल्या कार्डावर, जुनंच माप होतं. का? ग्राहकाने बदल नंतर कळवला. मग कार्ड का बदललं नाही? बदल कार्डापर्यंत पोचलाच नाही. का?

इथे ते थांबले. वहीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. “बदलाचा फोन मला येतो. मी आत जाऊन तोंडी सांगतो.”

“कोणाला?”

“जो समोर दिसेल त्याला.”

पाच हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, आमचं काम चौथ्या ‘का’लाच झालं. पण तो ‘का’ आवाज चढवून विचारला तर समोरचा उत्तर शोधत नाही, बचाव शोधतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पुढच्या वेळी ते एक वापरलेलं जॉब कार्ड घेऊन आले. मधोमध शाईच्या अंगठ्याचा ठसा, आणि मापाशेजारी पेन्सिलने काढलेलं बारीकसं प्रश्नचिन्ह. म्हणजे जुन्या, वयाने मोठ्या ऑपरेटरला शंका आली होती! मग विचारलं का नाही? त्यांनी मालकांना शांतपणे सांगितलं होतं, “मागे एकाने मशीन थांबवलं, तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.”

माझ्या मते खरी अडचण ही होती. टोयोटाच्या मोटारी निघण्याआधी, त्याच घराण्यातल्या साकिची टोयोदा यांचं सारं आयुष्य कापड विणायचे माग बनवण्यात गेलं. 1924 सालचा त्यांचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणून सदोष कापड विणलं जात नसे. इथे धागा तुटलेला दिसत होता आणि मशीन चालूच होतं, कारण थांबवणं माणसाला महाग पडत होतं.

उपाय साधेच ठरले. बदल आला की नवीन कार्ड, त्यावर सही, जुनं तिथेच फाडायचं. तोंडी निरोप बंद. चूक झालीच तर आधी ग्राहकाचं काम निस्तरायचं आणि त्याच दिवशी मशीनपाशी उभं राहून दहा मिनिटं कारण शोधायचं. वहीत दोन नोंदी निव्वळ निष्काळजीपणाच्याही होत्या. त्या माणसांशी ते एकांतात बोलले.

अवघड गेलं ते वेगळंच. फोन आला की उत्तर देण्याआधी “तुम्हाला काय वाटतं?” असं विचारून मनात पाचपर्यंत मोजायचं, हा मी दिलेला अभ्यास. पहिल्या आठवड्यात म्हणाले, त्या शांततेत तळहाताला घाम येतो. आणि मग हळूच, “मला कोणी विचारलंच नाही, तर माझी तिथे गरज काय?” कार्डावर आमची अर्धी बैठक गेली होती, या एका वाक्यावर दोन गेल्या. वर्षानुवर्षं धावून जाण्यातच ज्याने आपली किंमत पाहिली, त्याला थांब म्हणणं सोपं नसतं.

तिसऱ्या महिन्यात बैठकीतच फोन वाजला. कार्ड आणि नमुना जुळत नाही म्हणून त्याच ऑपरेटरने मशीन थांबवलं होतं. हे ताडकन उभे राहिले. “कोणी...” एवढं तोंडातून निसटलंच. मग ते खुर्चीच्या पाठीला धरून थांबले, बोटं आवळलेली. मी काही बोलले नाही.

“बरं केलंत थांबवलंत,” ते म्हणाले. “कार्डावर काय लिहिलंय, वाचा बरं.”