तिचा डबा अजून माझ्या फळीवर आहे

«ताई, मी मिरजेची. मिशन हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स होते, आता निवृत्त. सासूबाई शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं मी केलं. त्या गेल्या आणि मातीच्या दुसऱ्याच दिवशी धाकट्या जावेने कपाटातल्या त्यांच्या सोन्याच्या पाटल्या नेल्या. ‘आईंनी मला देऊ केल्या होत्या’ म्हणाली. चार वर्षांत एक रात्र जागली नाही ती. तेव्हापासून आम्ही बोलत नाही, तीन वर्षं झाली. चर्च एकच; ती उजवीकडे बसते, मी डावीकडे. त्या नाताळात तिने करंज्यांचा डबा पाठवला. मी करंज्या कामवाल्या मावशींना देऊन टाकल्या. डबा अजून माझ्या फळीवर आहे. परवा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिला मंडळ तिच्या घरी प्रार्थनेला जाणार, मलाही चल म्हणतात. रविवारी पाळकांनी नेमका ‘एकमेकांवर प्रीती करा’ यावरच संदेश दिला. मला तिच्याविषयी काडीचं प्रेम वाटत नाही. मग जाऊन ढोंग करू का?»

ताई,

ढोंग मुळीच करू नका. पण आधी एक बोलते. पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या हे तुम्ही लिहिलं नाही. चार वर्षं मात्र दोनदा लिहिलीत. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, हे चार वर्षं घरात एकटीने करणं काय असतं ते मला कळतं. त्या पाटल्या जावेने नेल्या आणि ‘वहिनी, तुम्ही केलंत’ एवढंही कुणी म्हटलं नाही. खुपतंय ते हे. म्हणून मीच म्हणते: तुम्ही केलंत, ताई.

आता त्या वचनाचं. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात ते आहे, चौतिसावी ओवी. शब्द नीट बघा: ‘तुम्ही एकमेकांवर प्रीती करावी’. राग येतो, झोप येते, प्रेम वाटतं. ही सगळी आपल्याला होणारी कामं, हुकमाने होत नाहीत. येशूने आज्ञा दिली ती करायच्या गोष्टीची. आणि केव्हा दिली? त्याच रात्री त्याने कमरेला रुमाल बांधून, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतले होते. त्यांच्यातलाच यहूदा दगा देणार हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याचेही पाय धुतले. यहूदा उठून बाहेर गेला, आणि त्यानंतर ही आज्ञा आली. ऐकणाऱ्यांत पेत्र होता, कोंबडा आरवायच्या आत तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा. शेजाऱ्यावर प्रीती कर हे तर मोशेच्या नियमशास्त्रात लेवीयच्या पुस्तकात आधीच होतं. मग ही ‘नवी’ आज्ञा कशी? ‘जशी मी तुमच्यावर केली तशी’, हे त्यातलं नवं. दगा देणाऱ्याच्या टाचेवरची धूळ हाताने धुवायची, असं.

हे तुम्हाला मी काय शिकवणार! तुमचं हॉस्पिटल मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उघडलं. पेशंटवर आधी जीव जडावा, मग जखम धुवावी, असा नियम असता तर दार उघडलंच नसतं. शिव्या देणाऱ्या, दारू पिऊन पडलेल्या माणसाचं ड्रेसिंगही तुम्ही तितक्याच हळू हाताने सोडवलं असेल. त्याला तुम्ही कधी ढोंग म्हणालात का? प्रेम वाटत नसताना ‘मला तू फार आवडतेस’ म्हणणं ढोंग. तिच्या गुडघ्याखाली उशी ठेवू नकोस, पाय सरळ राहू दे, हे सांगणं खरं काम.

मी साताऱ्याची. लहानपणी आईचं आणि आत्याचं काहीतरी बिनसलं होतं. काय ते मला आजही माहीत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर घेण्याचा विधी, असायचा. आई दोन महिने भाकर न घेता मागे बसून राहिली. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, हे मत्तयातलं वचन ती अक्षरशः पाळायची. तिसऱ्या महिन्यात सकाळी सातला माझा हात धरून आत्याकडे गेली. आत्याने चहा ठेवला. दोघी नळाच्या पाण्याविषयी आणि ज्वारीच्या भावाविषयी बोलल्या. माफी कुणीच मागितली नाही. आईने कप विसळून पालथा घातला आणि आम्ही तिथूनच चर्चला गेलो. त्या दिवशी तिने भाकर घेतली.

सगळं एकदम मिटलं पाहिजे असंही नाही. आमच्या साताऱ्यात अखेरची वर्षं काढलेल्या कवी नारायण वामन टिळकांचं बघा. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या तेव्हा त्यांचं सोवळं सुटलेलं नव्हतं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधल्या काळात मन वळलेलं नव्हतं, पण घर एक होतं. मला त्यांचा हा काळ फार मोलाचा वाटतो.

म्हणून सांगते, मंडळाबरोबर जाऊ नका. दहा बायकांत तुमची भेट म्हणजे बघण्याची गोष्ट होईल, आणि तीही अवघडेल. एकट्या जा, दुपारी, घर शांत असताना. व्यायाम करते का विचारा. दुखतं म्हणून पेशंट गुडघा वाकवायचं टाळतात आणि सांधा आखडतो, हे तुमच्याइतकं तिच्या घरात कुणाला कळतं?

पाटल्यांचा विषय त्या दिवशी काढू नका. अंथरुणावरच्या माणसाकडे हिशेब मागू नये. पण ती चालू-फिरू लागली की जरूर काढा. गप्प राहून आतल्या आत कुढणं याला मी प्रीती म्हणणार नाही. भावाने अपराध केला तर दोघंच असताना त्याला सांग, हेही येशूचंच सांगणं आहे. पाळक नकोत, दीर नकोत. ‘तू नेल्यास त्याचं वाईट वाटलं, मी केलं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, त्याचं जास्त वाटलं’, असं सरळ म्हणा. कदाचित सासूबाईंनी तिला खरंच शब्द दिला असेल. कदाचित ती पाटल्या परत देणार नाही. दोन्हीची तयारी ठेवून बोला.

ती करंज्यांचा डबा मातीनंतरच्या पहिल्याच नाताळात पाठवून बसली आहे, ताई. तीन वर्षं तिने तो परत मागितलेला नाही.

फळीवरून काढा, घासून पुसून घ्या. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. ऑपरेशननंतरच्या गोळ्यांनी तोंडाची चव गेलेली असेल. तिला काय आवडतं ते इतक्या वर्षांच्या जावेला ठाऊक असणारच.