चेहऱ्याला जरा आवरा

प्रश्न : मी हौशी व्यंगचित्रकार. डोळे खोबणीतून बाहेर, जीभ लोंबलेली, घामाचे थेंब उडालेले, सगळं मन लावून काढतो. तरी मित्र बघून नुसतं 'छान' म्हणतात. टँकरच्या उद्घाटनाचं चित्र सोबत जोडलंय. घोडं कुठे अडतंय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कल्पना झकास. रिकाम्या टँकरपुढे मंत्री फीत कापतोय. पण मंत्री दात विचकतोय, फोटोग्राफर खिदळतोय, हंडेवाल्या बायकांनी आ वासलाय. पात्रंच एवढी हसल्यावर वाचकाने काय करायचं?

आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' आठवा. १९५१पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त पन्नासहून अधिक वर्षं तो दिसला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, आणि तोंडातून अक्षर नाही. शेजारी पुढारी वाट्टेल ते बरळतोय, हा भुवया चढवून नुसता बघतोय. त्याने कपाळावर हात मारून घेतला असता, तर तो विरोधी पक्षाचा वाटला असता, आपला नव्हे.

'पीनट्स' या अमेरिकी चित्रमालिकेतल्या चार्ली ब्राउन या पोराचे डोळे म्हणजे दोन ठिपके. शेजारी कंसासारखी बारीक रेघ आली, की पोरगं काळजीत पडलंय हे कळतं. ती काढणाऱ्या चार्ल्स शुल्झला आरडाओरडा वर्ज्य होता असं नाही; त्यातलीच ल्यूसी किंचाळते तेव्हा चेहराभर तोंडच उरतं. ते खपतं, कारण एरवी ठिपके गप्प असतात.

आता तुमचं चित्र. मंत्र्याचा चेहरा कळस चढवायला आल्यासारखा गंभीर करा. बाई एकच ठेवा. सगळ्यांच्या नजरा कॅमेऱ्याकडे. हिचं तोंड मिटलेलं, बुबुळं तेवढी टँकरच्या नळाकडे. नळाखालची जमीन कोरडी ठणठणीत. भुवई आधी आडवी काढा, मग वर ट्रेसिंग पेपर ठेवून एकेक टोक केसभर हलवून बघा. नाकाकडचं टोक उचललंत तर ती केविलवाणी होते, कानाकडचं उचललंत तर बेरकी. मी बेरकी ठेवली असती. केविलवाण्या हंडेवाल्या दिवाळी अंकांत रग्गड झाल्या.

घामाचे थेंब सगळे खोडा. टँकरवर 'पाणीपुरवठा' एवढं ठसठशीत लिहायचीही गरज नाही, हंडा दिसतोय की.