पाला वाळला, पण वास कुठे गेला?

थंडी सुरू झाली की मेथी-पुदिन्याच्या जुड्या स्वस्त होतात आणि वाळवणाचे प्रश्न येऊ लागतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: पद्धत पाळली, तरी बिघडलं. बऱ्याच पद्धती कोरड्या हवेच्या गावांसाठी सांगितलेल्या असतात. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत शेजारी खाडी आहे, हे त्यांत धरलेलं नसतं.

प्रश्न : जांभळी नाक्यावरून आणलेली मेथी गॅलरीत कडक उन्हात तीन दिवस वाळवली. पिवळी पडली आणि वास गवतासारखा येतो. विकतच्या कसुरी मेथीसारखी का होत नाही? – एक वाचक, नौपाडा

उत्तर : तंतोतंत तशी होणारच नाही, कारण कसुरी मेथी ही वेगळ्या जातीची वनस्पती आहे. तिचं नाव आता पाकिस्तानात असलेल्या कसूरवरून पडलं, आणि आपल्याकडे राजस्थानातल्या नागौरचा माल प्रसिद्ध आहे. घरची मेथी किंचित कडवट राहते. पिठलं, थालीपीठ, आलू-मेथीसाठी ती उत्तम.

गवताचा वास मात्र उन्हामुळे. थेट उन्हात पानांतला हिरवा रंग विरतो आणि सुगंधी तेलं उडून जातात. उन्हात मिरच्या वाळवाव्यात, पाला नाही.

पानं निवडून घ्या. जाड देठ राहिला तर पान कुरकुरीत झाल्यावरही तो आत ओला असतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. समुद्रमेथी (वाळूत वाढवलेली बारीक मेथी) असेल तर तीन पाण्यांतून काढा, वाळू तळाशी बसते. जुडी पाण्यासकट परातीत ओतू नका, हाताने पाण्यातून वर उचला. मग पंच्यावर पसरून दोन-तीन तास पंख्याखाली ठेवा, म्हणजे धुतल्याचं पाणी उडेल. त्यानंतर चाळणीवर किंवा जाळीच्या ट्रेवर एकेरी थर, वर मलमल. घोडबंदर रोडसारख्या रहदारीच्या बाजूला घर असेल तर ट्रे गॅलरीत ठेवूच नका. हवेशीर खोली आणि पंखा पुरतो. खाली वर्तमानपत्र घालू नका. खाद्यपदार्थांना छपाईची शाई लागू देऊ नये, असं एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ सालीच बजावलं आहे.

वाळली की नाही हे हाताला कळतं, पण वजनकाट्याला जास्त नीट कळतं. निवडलेला पाव किलो पाला ३० ते ३५ ग्रॅमवर यायला हवा. ५० ग्रॅम भरला तर बरणीचं झाकण लावायची घाई नको.

प्रश्न : पुदिना सावलीतच वाळवते, तरी चौथ्या दिवशी काळा पडतो. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : सावली बरोबर, वेग कमी. पान दुमडलं, चुरगळलं किंवा ओलं राहिलं की आतले घटक हवेशी मिळून काळे पडतात, चिरलेलं वांगं पडतं तसे. वाळण्याला जितका उशीर, तितका काळेपणा.

खाडीकाठी आणखी एक भानगड आहे. दुपारी कोरडी झालेली पानं रात्री हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतात. दिवसभर कमावलेलं रात्री सादळून जातं. म्हणून चार-साडेचारला ट्रे आत घ्या आणि मंद पंखा चालू ठेवा. पानं पूर्ण सुटी करा. जुडी उलटी टांगण्याची पद्धत इथे पुदिन्याला मानवत नाही, मधली पानं कुजतात.

दोन दिवसांनी पानं चामट झाली की शेवट उष्णतेने करा. ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) सर्वांत कमी तापमानावर पाच मिनिटं तापवून बंद करा. आत हात धरवेल इतका निवला की ट्रे ठेवा, दार बोटभर उघडं, दहा मिनिटं. गरज पडली तर पुन्हा. मायक्रोवेव्ह असेल तर मूठभर पानं दोन टिश्यू पेपरांमध्ये घालून आधी ३० सेकंद, मग २०-२० सेकंदांनी. समोरून हलू नका. कोरडं पान आत पेट घेऊ शकतं. एअर फ्रायरमध्ये पानं उडून तापणाऱ्या कॉइलला चिकटतात, त्यामुळे वर स्टीलची जाळी हवीच.

प्रश्न : वाळवलेला कढीपत्ता फोडणीत घातला की जळतो. – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताज्या पानातलं पाणी त्याला क्षणभर वाचवतं, वाळलेल्यात ते नसतं. मोहरी-हिंग झाल्यावर गॅस बंद करा, पाच-सहा सेकंदांनी पानं टाका आणि लगेच वरण ओता. वाळवायला कढीपत्ता सगळ्यांत सोपा: डहाळीसकट सावलीत चार-पाच दिवस, मग पानं ओरबाडून घ्या. शंभर ग्रॅम पानांची साधारण ३५ ग्रॅम होतात.

प्रश्न : जूनपर्यंत सगळं छान असतं. जुलैत बरणी उघडली की पाला मऊ, कधी बारीक तपकिरी किडे. – एक वाचक, घणसोली

उत्तर : भरल्यावर पहिला आठवडा बरणी रोज बघा, हलवा. काचेवर आतून बाष्प दिसलं किंवा पानं गोळा झाली, तर बाहेर काढून पुन्हा वाळवा. बुरशी दिसली तर मात्र सगळी बरणी फेकायची. वरचा थर काढून उरलेलं वापरू नये.

एका मोठ्या बरणीऐवजी चार लहान काचेच्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या. अख्खी पानं ठेवा, चुरा वापरतानाच तळहातावर करा. गॅसच्या वरचं कपाट सोयीचं, पण पाल्याला सर्वांत वाईट. आणि उकळत्या भांड्यावर बाटली धरून झटकू नका: जुलैतला ओलावा नुसता पावसाचा नसतो, आमटीच्या वाफेचाही असतो. ओलावा शोषायला खाद्यपदार्थांसाठीची सिलिका पुडी चालते. बुटांच्या खोक्यातली नाही.

किड्यांची अंडी पाल्याबरोबरच येऊ शकतात. भरलेली बंद बाटली चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर थंड पानांवर दव धरेल.

प्रश्न : कोथिंबीर वाळवावी की तेलात बुडवून ठेवावी? – एक वाचक, वर्तकनगर

उत्तर : दोन्ही नको. वाळल्यावर कोथिंबिरीत रंग उरतो, स्वाद नाही. ताजा पाला किंवा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं तर धोक्याचं आहे: तेलाखाली हवा नसते, पानात पाणी असतं, आणि तिथे बोट्युलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात. त्याला वास नाही, चव नाही. धुऊन, पूर्ण निथळून, चिरून बर्फाच्या साच्यात थोड्या पाण्याबरोबर गोठवा. दोन-तीन महिने टिकते. तुकडा न वितळवता थेट उकळत्या आमटीत टाका.

प्रश्न : कुंडीतला गवती चहा आणि पानओवा? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : गवती चहा कात्रीने बोटभर कापून सावलीत तीन-चार दिवस, पात मोडताना कट्ट आवाज आला की भरा. पानओव्याचं पान मांसल, पाण्याने भरलेलं असतं. ते वाळण्याआधी कुजतं. त्याची भजी करा.