वाचकांचे प्रश्न : खांब गंजले म्हणून गिरणीची शेड पाडायची?

प्रश्न : लालबागमध्ये आमच्या चाळीमागे बंद गिरणीची साचेखात्याची, म्हणजे जिथे माग चालायचे ती, शेड आहे. ऑडिटमध्ये ‘बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब गंजलेले, शेड धोकादायक’ असा शेरा आल्यापासून पाडकामाची चर्चा आहे. शेड वाचू शकते का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी अहवाल हातात घ्या. तो पालिकेकडे असेल तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. चाचण्यांच्या पानावर रिबाउंड हॅमर, हाफ-सेल अशा चाचण्यांचे आकडे दिसले तर ते आरसीसीचे, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचे. बिडाच्या खांबाबद्दल त्यातून काही कळत नाही.

करवतीच्या दातांसारख्या छपराच्या शेडमधले खांब बरेचदा पोकळ असतात. दोन छपरांमधल्या पन्हळीचं पाणी त्यांच्या पोटातूनच खाली गटारात उतरतं. गिरणी बंद पडली की पन्हळ साफ करायला कोणी उरत नाही. कबुतरांची घाण, पाला, कौलांचे तुकडे खांबाच्या तोंडाशी अडकतात. वर तुंबलेल्या पाण्याने तुळयांची टोकं खराब होतात, तळाशी साचलेल्या पाण्याने खांब आतून गंजतो. मधला भाग बहुधा ठणठणीत असतो, पण अहवालात अख्खा खांबच बाद!

जाडी मोजताना एकाच भोकावर भिस्त ठेवू नये. खांब ओतताना पोकळी राखणारा आतला गाभा सरकला तर बीड एका बाजूला पातळ, दुसरीकडे जाड होतं. म्हणून तळाशी आणि मध्यावर, दर ठिकाणी तीन बाजूंनी बारीक भोकं पाडून मोजायला सांगा.

दुरुस्तीत पन्हळ मोकळी करून पाण्याला बाहेरून वेगळा पाइप द्यावा. चिरा कोल्ड स्टिचिंगने, म्हणजे न तापवता धातूचे टाके बसवून, सांधाव्यात. वेल्डिंग शक्यतो नकोच. बिडात कार्बन जास्त, त्यामुळे जोडाच्या कडेला नवी चीर जाते. खांबात काँक्रीट भरलं तर ओल आतच कोंडते.

शेड पालिकेच्या वारसा यादीत आहे का, तेही पाहा. १९९५च्या नियमावलीपासून यादीतली वास्तू पाडायला आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि ते वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात. यादीत नसेल तर समाविष्ट करण्यासाठी अर्ज द्या. सोबत फोटो आणि खांबांमधली अंतरं दाखवणारा नकाशा जोडा. फक्त चिमणीसाठी अर्ज करू नका. लोअर परळला फिनिक्स गिरणीची चिमणी उभी आहे, पण भोवती गिरणी नाही, मॉल आहे. मालक नुकसानीचा मुद्दा काढतील. यादीतल्या वास्तूमुळे बुडालेल्या बांधकाम हक्कांपोटी टीडीआरची (तेच हक्क दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येण्याची) तरतूद आहे, हे अर्जातच लिहा.